'२.०' चे परीक्षण : विज्ञानाच्या बाजूने

चेन्नई शहरातले मोबाइल फोन एके दिवशी लोकांच्या हातांतून आणि खिशांतून निसटतात आणि आकाशात उडून जातात. मग हे हजारो फोन एकत्र येऊन एका अवाढव्य पक्ष्याचा आकार घेतात आणि शहरावर झडप घालतात. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेल्या '२.०' या तमिळ चित्रपटाची ही मध्यवर्ती कल्पना. दिग्दर्शक शंकर यांचा हा चित्रपट हिंदी आणि तेलुगू भाषांतही आला. पुढे दूरचित्रवाणीने तो घरोघरी पोहोचवला. त्यामुळे शाळेत पक्ष्यांचा किंवा विद्युतचुंबकीय लहरींचा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, टॉवरमुळे चिमण्या मरतात ना? पिक्चरमध्ये दाखवलंय."

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देऊन चालणार नाही. ते कसे शोधायचे हे मुलांना दाखवता आले, तर एका मारधाडीच्या चित्रपटातून विज्ञानाचे दोन-तीन चांगले तास निघू शकतात. त्यासाठी आपण या चित्रपटाचे आणखी एक परीक्षण करू, मात्र विज्ञानाच्या बाजूने.

चित्रपट आणि त्याचे स्वागत

'२.०' हा २०१० साली आलेल्या 'एंदिरन' या चित्रपटाचा पुढचा भाग. 'एंदिरन' हिंदीत 'रोबोट' या नावाने आला होता. दोन्ही चित्रपटांत शास्त्रज्ञ वसीगरन आणि त्याने बनवलेला यंत्रमानव चिट्टी या दोन्ही भूमिका रजनीकांत यांनी केल्या. रजनीकांत यांचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड. त्यांचा जन्म बंगळूरच्या एका मराठी कुटुंबात १९५० साली झाला. 'एंदिरन'च्या संवादलेखनात 'सुजाता' या नावाने लिहिणारे तमिळ लेखक एस. रंगराजन यांचा सहभाग होता. ते व्यवसायाने अभियंता होते आणि भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये असताना मतदान यंत्राच्या निर्मितीशी त्यांचा संबंध आला होता. २००८ साली त्यांचे निधन झाले. 'एंदिरन'ला विशेष दृश्यपरिणाम आणि कलादिग्दर्शन यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

दुसऱ्या भागात खलनायक आहे पक्षिराजन नावाचा वृद्ध पक्षिशास्त्रज्ञ. ही भूमिका अक्षय कुमार यांनी केली. मोबाइल टॉवरच्या लहरींमुळे पक्षी मरत आहेत, हे तो अधिकाऱ्यांना, मंत्र्यांना, न्यायालयाला सांगत फिरतो. कोणी ऐकत नाही. अखेर तो टॉवरवरच गळफास घेतो आणि मग त्याची 'ऊर्जा' पक्ष्यांच्या ऊर्जेशी एकरूप होऊन माणसांवर सूड उगवते. तिच्याशी लढायला चिट्टीला पुन्हा जिवंत केले जाते. शेवटी फुटबॉलच्या मैदानात तुंबळ लढाई होते आणि कबुतरांवर स्वार झालेले बोटभर उंचीचे यंत्रमानव येऊन धमाल उडवतात. विज्ञान, मारधाड आणि विनोद यांची ही मिसळ आहे.

समीक्षकांनी या चित्रपटाच्या तांत्रिक बाजूचे भरपूर कौतुक केले. त्रिमितीतले चित्रण, फोनपासून तयार होणारे आकार, ध्वनियोजना यांची वाखाणणी झाली. कथा तशी सैल आहे, लांबण लागली आहे, असा दोष दाखवला गेला. खलनायकाची करुण पूर्वकथा नायकाच्या पराक्रमापेक्षा मनाला अधिक भिडते, असेही अनेकांना वाटले. कलाकृती म्हणून चित्रपट कसा आहे, हे सांगणे समीक्षकाचे कामच असते आणि ते त्यांनी केले.

आक्षेप आला तो वेगळ्याच बाजूने. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या तोंडावर मोबाइल कंपन्यांच्या सीओएआय या संघटनेने चित्रपट प्रमाणन मंडळ आणि माहिती व प्रसारण मंत्रालय यांच्याकडे तक्रार केली. हा चित्रपट मोबाइल आणि टॉवर यांच्याविषयी अवैज्ञानिक समज पसरवतो, असे तिचे म्हणणे होते. चित्रपट ठरल्या दिवशी प्रदर्शित झाला आणि वाद मागे पडला. मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. तक्रार करणाऱ्यांचे हितसंबंध उघड होते, म्हणून त्यांचे म्हणणे खोटे ठरत नाही. पक्षिराजनची तळमळ खरी वाटते, म्हणून त्याचे म्हणणे खरेही ठरत नाही. दोन्ही बाजूंचे पुरावे तपासावे लागतात.

दोन प्रकारची असत्ये

विज्ञानकथेत खोटे काहीच असू नये, असे म्हटले तर विज्ञानकथा लिहिताच येणार नाही. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला बक्षीस मिळाले. अशा कथांत लेखक आज शक्य नसलेली एखादी गोष्ट गृहीत धरतो आणि तिच्यातून काय काय घडेल ते तर्काने मांडतो. वाचकालाही ठाऊक असते की आपण एक गृहीत मान्य केले आहे.

'२.०' मध्ये अशक्य गोष्टी पुष्कळ आहेत. फोन उडतात, 'सूक्ष्म फोटॉन' आणि शरीराभोवतीचे तेजोवलय यांच्या नावाखाली मेलेला माणूस परत येतो. भौतिकशास्त्रात याला कसलाही आधार नाही. पण यामुळे फारसे बिघडत नाही. चित्रपट पाहून आल्यावर आपला फोन उडून जाईल म्हणून तो कोणी खुंटीला बांधून ठेवत नाही. अतिशयोक्ती इतकी उघड आहे की तिच्यापासून धोका नाही.

दुसऱ्या प्रकारचे असत्य अधिक नाजूक असते. कथेच्या मध्यभागी पक्षिराजन शांतपणे, शास्त्रज्ञाच्या भाषेत माहिती देतो : पक्षी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ओळखतात, टॉवरच्या लहरींनी त्यांची ही जाण बिघडते, म्हणून ते मरतात. हा भाग कथेतले गृहीत म्हणून येत नाही, बाहेरच्या जगाविषयीचे ज्ञान म्हणून येतो. प्रेक्षक उडणारे फोन चित्रपटगृहात ठेवून येतो, पण ही माहिती घरी घेऊन येतो. त्यामुळे विज्ञानाच्या बाजूने परीक्षण करायचे ते मुख्यतः याच भागाचे.

या विधानाचे चार तुकडे करता येतात. चिमण्या कमी झाल्या आहेत का? झाल्या असतील तर त्या मोबाइल आल्यानंतर झाल्या का? लहरींनी पक्ष्यांना इजा होण्याचा मार्ग कोणता? आणि प्रत्यक्ष पाहणीत टॉवर आणि चिमण्यांची संख्या यांचा संबंध दिसतो का? एकेक तुकडा घेऊ.

चिमण्या किती आणि केव्हापासून?

'आमच्या लहानपणी अंगणात किती चिमण्या असायच्या!' हे वाक्य आपण सगळेच ऐकतो. ते खोटे आहे असे नाही, पण ती मोजणी नव्हे. २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. देशभरातील पंधरा हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या एक कोटीहून अधिक नोंदी त्यासाठी वापरल्या होत्या. या अहवालानुसार देशाचा एकत्रित विचार केला तर चिमण्यांची संख्या सुमारे पंचवीस वर्षांत साधारण स्थिर राहिलेली दिसते. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद या मोठ्या शहरांत मात्र चिमण्या कमी झाल्या आहेत.

म्हणजे शहरातल्या माणसाचा अनुभव खरा आहे, पण तो सगळ्या देशाला लागू करता येत नाही. येथेच एक प्रश्न उभा राहतो. १९९५ साली देशात मोबाइल सेवा सुरू झाली आणि पुढच्या पंचवीस वर्षांत टॉवर शहरांबरोबर गावागावांतही उभे राहिले. टॉवर हेच मुख्य कारण असते तर खेड्यांतही अशीच घट दिसायला हवी होती.

काळाचा क्रमही तपासावा लागतो. कारण आधी, परिणाम नंतर, हे तर्कशास्त्राचे साधे सूत्र आहे. ब्रिटनमध्ये पक्षिगणनेची जुनी परंपरा असल्याने तेथील आकडे उपयोगी पडतात. तेथे चिमण्यांची घट १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून नोंदली गेली आहे. त्या देशात पहिली मोबाइल सेवा सुरू झाली १९८५ साली, आणि टॉवरचे दाट जाळे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पसरले. निदान तिथली घट टॉवरने सुरू केलेली नाही, एवढे यावरून नक्की म्हणता येते. टॉवरने नंतर तिच्यात भर घातली का, हा वेगळा प्रश्न उरतो.

लहरी काय करू शकतात?

आता भौतिकशास्त्राकडे वळू. मोबाइलच्या लहरी म्हणजे प्रकाशासारख्याच विद्युतचुंबकीय लहरी, फक्त त्यांची वारंवारता कमी. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते. हिरव्या प्रकाशाची वारंवारता सुमारे ५४ कोटी मेगाहर्ट्झ. ५४ कोटीला ९०० ने भागा. उत्तर येते ६ लाख. एका फोटॉनची ऊर्जा वारंवारतेच्या प्रमाणात असते. म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या एका फोटॉनमध्ये मोबाइल लहरीच्या फोटॉनच्या ६ लाख पट ऊर्जा असते. पेशीतल्या रेणूंचे बंध तोडायला साधारणपणे दृश्य प्रकाशाच्या फोटॉनपेक्षाही जास्त ऊर्जा लागते. क्ष-किरण किंवा अतिनील किरण जे करू शकतात, ते मोबाइलच्या लहरी करू शकत नाहीत. 'रेडिएशन' हा एकच शब्द दोन्हींना वापरल्याने विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो. तो हे एक गणित फळ्यावर मांडून दूर करता येतो.

मग या लहरींचा परिणाम होतच नाही का? होतो. पुरेशा तीव्र असतील तर त्या ऊतींना तापवतात. सूक्ष्मलहरींच्या भट्टीत अन्न शिजते ते यामुळेच. प्रश्न तीव्रतेचा आहे. भारत सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक-दशांश केली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट इतकी होते. दुपारच्या कडक उन्हात दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट ऊर्जा पडते. उष्णतेपुरते बोलायचे तर उन्हात बसलेल्या चिमणीला सूर्यापासून दोन हजार पटींहून अधिक ऊर्जा मिळते. ऊन कातडीवर अडते आणि रेडिओ लहरी थोड्या आतपर्यंत जातात, हा फरक ध्यानात ठेवला तरी मर्यादेच्या आतल्या लहरींनी पक्षी भाजून निघेल असे म्हणता येत नाही.

आता उरते चुंबकीय जाण. चित्रपटातला हा मुद्दा मात्र हवेतला नाही. स्थलांतर करणारे अनेक पक्षी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ओळखतात, हे सिद्ध झाले आहे. त्यांच्या डोळ्यांतील एका प्रथिनात प्रकाशामुळे घडणारी रासायनिक क्रिया यामागे असावी, असा आजचा प्रमुख अंदाज आहे. रेडिओ लहरींमुळे या जाणिवेत अडथळा येतो, याचाही चांगला पुरावा आहे. जर्मनीतील ओल्डेनबर्ग विद्यापीठात रॉबिन पक्ष्यांवर प्रयोग झाले; ते २०१४ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शहरातल्या साध्या लाकडी खोल्यांत ठेवलेल्या रॉबिनना स्थलांतराची दिशा सापडेना. त्याच खोल्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून बाहेरच्या विद्युतचुंबकीय गोंगाटापासून आडोसा केला, तेव्हा त्यांना ती सापडली. कोणत्या खोलीत गोंगाट आहे हे निरीक्षण करणाऱ्यांना ठाऊक नसेल, अशीही काळजी घेतली होती.

हा पुरावा पक्षिराजनच्या बाजूचा वाटेल. पण तपशील पाहा. हा त्रासदायक गोंगाट ५ मेगाहर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेचा होता. तो विद्युत उपकरणांतून आणि मध्यमलहरी रेडिओच्या पट्ट्यातून येतो. त्याच संशोधकांच्या गटाने पुढे ब्लॅककॅप या पक्ष्यावर वरच्या वारंवारतांचे प्रयोग केले. ७५ ते ८५ मेगाहर्ट्झच्या लहरींनी अडथळा आला. १४० मेगाहर्ट्झच्या वर घेतलेल्या चाचण्यांत आला नाही. मोबाइलच्या लहरी ७०० मेगाहर्ट्झ आणि त्याच्या वरच्या. म्हणजे ज्या पट्ट्यात पक्ष्यांचे होकायंत्र बिघडते, तो मोबाइलच्या बराच खाली आहे. शिवाय हे प्रयोग स्थलांतरी पक्ष्यांवर झाले. आपली चिमणी जन्मभर दोन-चार गल्ल्यांत राहते. दिशा हरवून ती मरेल, ही कल्पना तिच्या जीवनक्रमाशी जुळत नाही.

पाहण्या काय सांगतात?

चौथा तुकडा प्रत्यक्ष पाहणीचा. २००७ साली बेल्जियममधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १५० ठिकाणी लहरींची तीव्रता मोजली आणि तिथले चिमणे मोजले. जिथे तीव्रता जास्त, तिथे चिमणे कमी आढळले. त्याच वर्षी स्पेनमधील एका शहरातूनही असाच निष्कर्ष आला. आपल्या देशात पर्यावरण मंत्रालयाने २०१० साली या विषयावर एक समिती नेमली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे तेव्हाचे संचालक असद रहमानी तिचे अध्यक्ष होते. समितीने नऊशेहून अधिक शोधनिबंध पाहिले. त्यांतील निम्म्याहून अधिकांत सजीवांवर काही ना काही परिणाम नोंदला होता. भारतात असे दीर्घकालीन अभ्यास फारसे झालेले नाहीत, याकडेही समितीने लक्ष वेधले. चित्रपटातली शंका कुणाच्या डोक्यातून उगाच आलेली नाही, हे येथे मान्य करायला हवे.

पण निबंध मोजणे आणि पुरावा तोलणे यांत अंतर आहे. बेल्जियमच्या अभ्यासाचेच पाहा. त्यात दिसला तो सहसंबंध. टॉवर कुठे उभे राहतात? जिथे लोकवस्ती दाट, इमारती नव्या, तिथे. आणि तिथेच जुन्या भिंतींची बिळे, कुंपणाची झुडपे, मोकळी माती ही चिमणीच्या गरजेची ठिकाणे नाहीशी होतात. टॉवर आणि चिमण्यांची घट ही दोन्ही एकाच तिसऱ्या गोष्टीची, म्हणजे बदललेल्या वस्तीची, लक्षणे असू शकतात. पावसाळ्यात छत्र्याही वाढतात आणि डासही वाढतात. म्हणून छत्र्यांतून डास निघतात असे कोणी म्हणत नाही. उलट बाजूनेही हीच सावधगिरी हवी. 'आमच्या टॉवरवर कावळ्याचे घरटे आहे, मग कसला परिणाम?' हाही पुरावा नव्हे. एका घरट्यावरून पिले किती जगली हे कळत नाही.

आजवरच्या पुराव्यांवरून एवढेच म्हणता येते : चिमण्यांच्या घटीचे कारण मोबाइल टॉवर आहेत, असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. दुसरी कारणे मात्र पुष्कळ जास्त भक्कम आहेत.

चिमणीला काय लागते?

मोठी चिमणी दाणे खाते, पण तिची पिले पहिल्या काही दिवसांत प्रामुख्याने किड्यांवर वाढतात. मावा, अळ्या, छोटे कोळी हे त्यांचे अन्न. इंग्लंडमधील लेस्टर शहरात झालेल्या अभ्यासात ज्या पिलांच्या आहारात किडे कमी आणि वनस्पतिजन्य पदार्थ जास्त होते, ती पिले जगण्याचे प्रमाण कमी आढळले. दुसरी गरज घरट्याच्या जागेची. चिमणी उघड्यावर घरटे करत नाही. तिला भोक, खबदाड, वळचण लागते.

आता चित्रपटातली चेन्नई सोडून आपल्याकडच्या एका गावात येऊ. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पिंगळी हे स्थानक लागते. मराठवाड्याच्या या काळ्या मातीच्या भागात जुनी घरे माळवदाची. लाकडी सर, त्यांवर फळ्या, वर मातीचा थर आणि जाडजूड भिंती. सर आणि भिंत यांच्या सांध्यात, देवळीत, फोटोच्या मागे चिमणीला हवी तेवढी जागा असे. गुळगुळीत गिलावा केलेल्या स्लॅबच्या घरात अशी जागा राहत नाही. या भागाचे जुने पीक ज्वारी. परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेला 'परभणी मोती' हा रब्बी ज्वारीचा वाण प्रसिद्धच आहे. ज्वारीचे खळे म्हणजे चिमण्यांची जत्रा. मळणीयंत्राने खळ्यांची जागा घेतली, बऱ्याच शेतांत सोयाबीन आणि कापूस आला, आणि कीटकनाशकांच्या फवारणीने पिलांचे अन्नही कमी होते. या प्रत्येक बदलाचा चिमणीवर किती परिणाम झाला, हे मोजूनच ठरवावे लागेल. पण निदान मोजायचे काय, ते यावरून कळते.

गावाच्या नावाशी जुळणारा पिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षीही या यादीत घेण्यासारखा आहे. झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या भोकात राहणारा आणि मुख्यतः किडे खाणारा. चिमणीला ज्या दोन गोष्टी लागतात, त्याच यालाही लागतात.

वर्गासाठी एक प्रकल्प

पिंगळीसारख्या गावातील शाळेत आठवी-नववीच्या मुलांना ही तपासणी स्वतः करता येईल. साहित्य म्हणजे वही, घड्याळ आणि दोरी किंवा पावलांचे माप.

गावात वीस ठिकाणे निवडा. दहा टॉवरपासून शंभर-दीडशे मीटरच्या आत, दहा अर्ध्या किलोमीटरपेक्षा दूर. महत्त्वाची अट अशी की दोन्ही गटांत जुनी आणि नवी घरे सारख्या संख्येने असावीत. ही अट पाळली नाही तर आपण टॉवरचा परिणाम पाहतो आहोत की घराचा, हे कळणार नाही. प्रत्येक ठिकाणी सकाळी एकाच वेळी दहा मिनिटे थांबून चिमण्या मोजायच्या. त्याचबरोबर घराचा प्रकार, मोकळी माती आहे का, झुडूप किंवा कुंपण आहे का, धान्य सांडते का, याची नोंद करायची. हे आठवड्यातून एकदा, निदान सहा आठवडे करायचे. मोजणारी मुले आणि अंतराचा हिशोब ठेवणारी मुले वेगळी असावीत. आपल्याला जे सापडावेसे वाटते तेच डोळ्यांना दिसते, हा दोष मोठ्या शास्त्रज्ञांतही असतो. ओल्डेनबर्गच्या संशोधकांनीही तो टाळण्याची व्यवस्था केली होती.

नंतर दोन तक्ते करा. पहिल्यात ठिकाणे टॉवरच्या अंतरानुसार लावून सरासरी काढा. दुसऱ्यात तीच ठिकाणे घराच्या प्रकारानुसार लावा. कोणत्या तक्त्यात फरक मोठा दिसतो? फरक किरकोळ असेल तर तो योगायोगही असू शकतो, हे मुलांशी बोला. वीस ठिकाणांच्या आकड्यांवरून सगळ्या जगाविषयी निष्कर्ष काढता येत नाही, पण आपल्या गावाविषयी चांगला अंदाज मिळतो.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी एक जास्तीचा प्रश्न. अंतर चौपट झाले की तीव्रता एक-सोळांश होते, हा व्यस्त वर्गाचा नियम. पण टॉवरवरचा अँटेना बॅटरीच्या झोतासारखा असतो. लहरी सगळ्या दिशांना सारख्या जात नाहीत. झोत डोक्यावरून जात असल्याने टॉवरच्या बुंध्याशी तीव्रता सर्वांत जास्त असतेच असे नाही. मग फक्त अंतर मोजणे पुरेसे आहे का? आपल्या प्रकल्पात यामुळे कोणती त्रुटी राहते? उत्तरे मुलांनाच शोधू द्यावीत.

प्रकल्पाचा शेवट कृतीने करता येईल. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणांऐवजी लाकडी खोकी बसवावीत. भोकाचा व्यास सुमारे ३२ मिलिमीटर, जागा सावलीची, मांजर पोहोचणार नाही अशी. पुढच्या वर्षी किती खोक्यांत घरटी झाली, हे मोजून ठेवावे.

पुन्हा परीक्षणाकडे

आता '२.०' ला विज्ञानाच्या बाजूने काय म्हणायचे? तंत्र उत्तम आहे, हे समीक्षकांनी म्हटलेच आहे. पक्ष्यांचा आणि माणसांचा जगण्याचा हक्क सारखा आहे, हा विचार मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे आणला, याचे श्रेयही द्यायला हवे. दोष असा की शंकेला सिद्ध ज्ञानाचा वेश चढवला. या दोषाची किंमत पक्ष्यांनाच मोजावी लागते. कारण सगळा दोष टॉवरवर टाकला की आपण मोकळे होतो. आपले घर, आपले शेत, आपली फवारणी यांकडे पाहण्याची गरज उरत नाही. टॉवर तर आपण हलवू शकत नाही; मग हळहळण्याशिवाय काही करायचेही राहत नाही.

पक्षिराजनचे रूप पाहून अनेकांना डॉ. सालिम अली आठवले. सालिम अलींचे निधन १९८७ साली झाले, म्हणजे भारतात मोबाइल येण्याच्या आठ वर्षे आधी. टॉवरविषयी ते काय म्हणाले असते, हे कोणी सांगू शकत नाही. त्यांची पद्धत मात्र त्यांच्या ग्रंथांतून आपल्यापुढे आहे. तासन् तास पाहणे, त्याच दिवशी वहीत लिहून ठेवणे, आणि नोंदी पुरेशा होईपर्यंत मत राखून ठेवणे. चित्रपटातल्या पक्षिशास्त्रज्ञाला पक्ष्यांचे प्रेम दिले आहे, पण त्याच्या हातात नोंदवही दिलेली नाही. ती आपल्या विद्यार्थ्यांच्या हातात द्यावी. नंतर त्यांना हा चित्रपट पुन्हा पाहू द्यावा आणि त्याचे परीक्षण लिहायला सांगावे. कोणते वाक्य गृहीत म्हणून चालेल आणि कोणत्या वाक्याला पुरावा मागायला हवा, हे ज्याला ओळखता आले, त्याला विज्ञानाच्या या पाठात पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही.